विचारा की! : पडद्यावरची पडझड

मागच्या महिन्यात सहज लिहून गेलो होतो की बिल्डिंग पडते, जळते, हलते असले सिनेमे ज्यांना आवडतात त्यांनी प्रश्न पाठवा. वाटलं पाचसहा येतील. तर ठाण्यापासून पनवेलपर्यंत इतके मेसेज आले की संपादकांनी फोन करून विचारलं, अहो लकी ड्रॉ ठेवलाय की काय. वेळ पण बघा कशी साधली, पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते आणि त्याच सुमारास हा अंक निघतोय. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी धंद्याने स्ट्रक्चरल ऑडिटवाला, दिवसा खऱ्या बिल्डिंगा ठोकून बघतो आणि रात्री खोट्या पडताना बघतो, घरचे म्हणतात एकदा स्वतःच्या डोक्याचं पण ऑडिट करून घ्या. असो. घ्या प्रश्न.

दादा, कॉलेजात असताना आम्ही मुंबईला जाऊन एक इंग्लिश पिक्चर बघितला होता. काचेचा टॉवर, उद्घाटनाच्या रात्रीच आग लागते आणि वर पार्टी चालू. नाव आठवत नाही. त्यातल्या दोन हिरोंचं नावावरून भांडण झालं होतं असं तेव्हा ऐकलेलं, खरं का?
— एक निवृत्त बँकवाले, नौपाडा

काका, तो ‘द टॉवरिंग इन्फर्नो’, १९७४ चा. सॅन फ्रान्सिस्कोतला १३८ मजल्यांचा टॉवर, आर्किटेक्ट पॉल न्यूमन आणि फायर ब्रिगेडचा साहेब स्टीव्ह मॅक्क्वीन. भांडण म्हणा किंवा मानपान म्हणा, पण तोडगा मात्र भारी काढला होता, पोस्टरवर मॅक्क्वीनचं नाव डावीकडे आणि न्यूमनचं उजवीकडे पण जरासं वर. डावीकडून वाचलं की पहिला हा, वरून वाचलं की पहिला तो. आपल्या गणपतीच्या बॅनरवर दोन नगरसेवकांचे फोटो लावायचे असतात तेव्हा मंडळाला एवढी अक्कल सुचत नाही.

अजून एक गंमत म्हणजे दोन स्टुडिओंनी दोन वेगवेगळ्या पण सारख्याच कादंबऱ्या विकत घेतल्या होत्या, दोन्हींत जळणारा टॉवर, मग एकमेकांच्या पोटावर पाय देण्यापेक्षा दोघांनी मिळून एकच सिनेमा काढला.

पण मला विचाराल तर या सिनेमात खरी गोष्ट ना हिरोंची आहे ना आगीची, ती आहे जावयाची. आर्किटेक्टने लिहून दिलेली वायरिंग न वापरता बिल्डरचा जावई स्वस्तातली टाकतो आणि मधले पैसे वाचवतो. आग सुरू होते ती पण एका स्टोअररूममध्ये, एवढीशी, आणि ती एवढीशी असताना पार्टी थांबवायला कोणी तयार नसतं. पाहुणे आलेत ना. लिफ्टने जाऊ नका सांगितलेलं असताना काहीजण लिफ्टने जातात आणि दार नेमकं जळत्या मजल्यावर उघडतं, तो सीन मी पहिल्यांदा बघितला त्यानंतर दोन दिवस जिन्याने ये-जा केली.

आता आपलं सांगतो. गेल्या वर्षी घोडबंदरच्या बाजूला एका पंचवीस मजली टॉवरमध्ये इलेक्ट्रिक डक्टचं, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार उघडायला लावलं, तर आत काय असावं? चपलांचं रॅक, मागच्या दिवाळीचे दोन कंदील, पोराची छोटी सायकल आणि रद्दीचा गठ्ठा, तोही व्यवस्थित सुतळीने बांधलेला! हा डक्ट खालपासून वरपर्यंत सरळ जातो, म्हणजे आग लागली की ती चिमणीच झाली, तिसऱ्या मजल्यावरचा धूर वीसाव्यावर पोचायला वेळ लागत नाही. आणि माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात, सिनेमात हे दाखवत नाहीत कारण धूर दाखवला तर हिरो कसा दिसणार. आपल्याकडे नियम आहे की आगीची सगळी यंत्रणा तपासून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, फायर ब्रिगेडला ‘बी’ फॉर्म द्यायचा. तुमच्या सोसायटीने शेवटचा कधी दिला ते एकदा विचारून बघा, कोणाचे चेहरे कसे होतात ते मला कळवा.

काका, ‘स्कायस्क्रेपर’मध्ये ड्वेन जॉन्सन क्रेनवरून धावत येऊन जळत्या बिल्डिंगमध्ये उडी मारतो ते शक्य आहे का? मित्राशी पैज लागलीय.
— बारावी सायन्स, मानपाडा

पैज जिंकलास का हरलास ते तू कुठल्या बाजूला आहेस त्यावर. आकडे समज म्हणून घेऊया, मधली जागा १२ मीटर आणि माणूस सेकंदाला ८ मीटरने सुटला (हा सुद्धा धावपटूचा वेग झाला), तर पलीकडे पोचायला दीड सेकंद. दीड सेकंदात तो खाली किती येतो ते तूच काढ, अर्धा गुणिले ९.८ गुणिले दीडचा वर्ग, ११ मीटर. म्हणजे साडेतीन मजले. आणि खाली यायचा वेग तोवर ताशी पन्नासच्या वर गेलेला असतो, त्या वेगाने बोटांनी खिडकीची कड पकडायची म्हणजे बोटं तिथे राहतील आणि बाकीचा माणूस पुढे जाईल. सिनेमा २०१८ चा आहे, हाँगकाँगमध्ये घडतो, हिरोचा एक पाय कृत्रिम आहे आणि तरी तो हे करतो, तेव्हा ‘शक्य नाही’ म्हणणारा तू असशील तर पैजेचे पैसे घे आणि वडापाव खा.

सिनेमात बिल्डिंग पडताना झाडासारखी आडवी पडते, शेजारच्या बिल्डिंगवर टेकते, हिरो मधून पळतो. खरंच अशी पडते का? आमची बिल्डिंग पडली तर समोरच्या शाळेवर जाईल असं मिस्टरांना वाटतं.
— एक ताई, वाशी

ताई, आधी मिस्टरांना चहा द्या. बहुतेक वेळा बिल्डिंग आडवी पडत नाही, ती खाली बसते. जमीन एका बाजूने खचली किंवा एकाच बाजूचे कॉलम, म्हणजे खांब, गेले तर कलते, नाही असं नाही, पण आख्खी इमारत अखंड राहून ओंडक्यासारखी पडायला ती अखंड राहण्याइतकी मजबूत पाहिजे ना, आणि तेवढी मजबूत असती तर पडली कशाला असती.

नोएडाचे ट्विन टॉवर आठवत असतील, २८ ऑगस्ट २०२२, सगळ्या चॅनेलवर काउंटडाऊन चालू होता. शंभरेक मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनारपेक्षा उंच, ३७०० किलो स्फोटकं, आणि दहाएक सेकंदांत दोन्ही जागच्या जागी बसले. शेजारच्या राहत्या इमारती अगदी जवळ होत्या, त्यांच्या काचाबिचा सोडा, त्या उभ्या राहिल्या. तिथे कमाल स्फोटकांची नव्हती, कुठला कॉलम कितव्या क्षणी सोडायचा त्या हिशोबाची होती, पाडलं शेवटी वजनानेच.

आपल्या भागात जे होतं ते याहून वेगळं आणि जास्त वाईट, कारण बिल्डिंग बाहेरून उभीच असते. उल्हासनगरला मे २०२१ मध्ये पाचव्या मजल्याचा स्लॅब खाली आला तो थेट तळापर्यंत, मधले सगळे घेऊन, सात माणसं गेली. तुमच्या जवळ नेरूळला जून २०२२ मध्ये असंच, एकाखाली एक हॉलचे स्लॅब गेले. का होतं सांगतो. घरातल्या स्लॅबवर माणसं, सोफा, कपाट, पाहुणे असं मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन येईल असं धरून तो डिझाईन करतात. आता पाच इंची स्लॅबचं स्वतःचं वजनच चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भरतं. म्हणजे वरच्या घराचा स्लॅब नुसता उचलून हळूच खालच्यावर ठेवला तरी हिशोब गेला, इथे तर तो दहा फुटांवरून आदळतो. मग दोन स्लॅब मिळून तिसऱ्यावर. एखाद्या घरात टाईल बदलताना जुनी न काढता वर नवीन लादी, त्याखाली चार इंच भराव, बाथरूम उंच करून त्यात विटांचे तुकडे… लोक म्हणतात आमच्याच घरात तर केलंय, कोणाला त्रास आहे. खालच्याला आहे हो.

सिनेमावाल्यांना हे दाखवता येत नाही कारण यात बघायला काही नाही, दोन सेकंद आणि धूळ. म्हणून ते पडणं लांबवतात. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा मॉडेल बनवून पाडायचे, आणि ते मॉडेल लहान करून चालायचं नाही, कारण बिल्डिंग लहान करता येते पण पाण्याचा थेंब आणि आगीची ज्योत लहान होत नाही, लगेच बाहुलीघर वाटतं. मग दोनचार मजली घराएवढी मॉडेलं करायची आणि कॅमेरा फास्ट चालवून शूट करायचं, म्हणजे पडद्यावर सगळं सावकाश पडतं आणि जड वाटतं. मला अजून ती जुनी पडझडच खरी वाटते, आत्ताच्या ग्राफिक्समध्ये काँक्रीट बिस्किटासारखं तुटतं, सळई कुठे दिसतच नाही.

आपल्याकडे असे सिनेमे का बनत नाहीत? हिंदीत नाही, मराठीत तर नाहीच. इतक्या बिल्डिंगा पडतात आपल्याकडे, विषयाची कमी आहे का?
— नाटकवाला, चरई

खरं तर यावरच आख्खं पान लिहायला पाहिजे. अगदीच नाही असं नाही, १९६५ चा यश चोप्रांचा ‘वक्त’ बघा, बलराज साहनी आपल्या वैभवाच्या गप्पा मारतायत आणि भूकंपात घर जमीनदोस्त, कुटुंब चार दिशांना. पण तिथे भूकंप म्हणजे नशिबाचा फटका, पुढे तीन तास मुलं शोधायची, घर कोणी बांधलं होतं वगैरे प्रश्न कोणी विचारत नाही. विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘ट्रॅप्ड’ मात्र माझा आवडता, प्रभादेवीतला कोर्टकज्ज्यात अडकलेला रिकामा टॉवर, नाव ‘स्वर्ग’, त्यात राजकुमार राव एकटाच अडकतो, पाणी नाही वीज नाही, खाली लाखो माणसं आणि कोणाला ऐकू येत नाही. बिल्डिंग पडत नाही पण रात्री आपल्या टॉवरमध्ये किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजावंसं वाटतं.

बजेट, ग्राफिक्स ही कारणं आहेतच. पण मला वाटतं खरी अडचण दुसरी आहे. हॉलिवूडच्या सिनेमात बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे भूकंप, आग, नाहीतर दहशतवादी. आपल्याकडे बिल्डिंग पडते तेव्हा गुन्हेगार शोधायला गेलं की यादी संपत नाही आणि त्यातले निम्मे आपल्या ओळखीचे निघतात.

४ एप्रिल २०१३, शिळफाटा. वाचकांपैकी बऱ्याच जणांना ती संध्याकाळ आठवत असेल. बेकायदा सात मजली इमारत, काम अजून चालूच, तरी खाली माणसं राहायला आणलेली, कारण माणसं राहायला लागली की पाडायला कोणी येत नाही. ७४ जण गेले. बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलिसही अटकेत गेले. याच्यावर सिनेमा काढायचा तर व्हिलन कोणाला करणार? विटा देणारा, नोटीस न देणारा, मीटर देणारा, आणि स्वस्तात खोली मिळते म्हणून डोळे मिटून घेणारा भाडेकरू, सगळे आलेच की.

असा सिनेमा इटलीत निघालाय, तोही १९६३ साली. फ्रान्सेस्को रोझी यांचा, इंग्लिशमध्ये ‘हँड्स ओव्हर द सिटी’ म्हणून मिळतो, व्हेनिसला त्याला गोल्डन लायन मिळालं. सुरुवातीलाच नेपल्समध्ये जुनी चाळवजा इमारत कोसळते, शेजारी चाललेल्या बांधकामामुळे. बांधणारा बिल्डर स्वतःच नगरसेवक. पुढचा सिनेमा म्हणजे नुसत्या मीटिंगा. चौकशी समिती टेबलाटेबलाने फिरते आणि प्रत्येक खात्याचे कागद बरोबर निघतात! एकही कागद चुकीचा नाही आणि इमारत मात्र पडलेली. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा इटालियन अजिबात येत नसताना पुढचा डायलॉग काय असणार ते मला आधी कळत होतं, इतकी वर्षं पालिकेच्या जिन्यात बसल्यावर येतं ते.

दुसरा सांगतो तो रशियन, ‘दुराक’, म्हणजे मूर्ख, युरी बिकोव यांचा, २०१४ चा. कामगारांची नऊ मजली जुनी वसाहत, पाईप फुटला म्हणून रात्री एक प्लंबर येतो आणि त्याला भिंतीत भेग दिसते, बाहेर येऊन वर बघतो तर ती खालपासून गच्चीपर्यंत गेलेली. आत आठशेच्या वर माणसं. तो घरी जाऊन हिशोब मांडतो आणि त्याला कळतं की ही आज रात्री, फार तर उद्या जाणार. मग तो मेयरबाईंच्या वाढदिवसाच्या पार्टीत जाऊन सांगतो. पुढे काय होतं ते सांगणार नाही. आख्ख्या सिनेमात इफेक्ट म्हणाल तर एक भेग. पण इमारतींच्या सिनेमांत मला खरी भीती फक्त याचीच वाटली, कारण मी तो प्लंबर झालोय, बऱ्याचदा.

तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता सी-१, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. (सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, सी-३ किरकोळ.) पालिका नोटीस चिकटवते, मग पाणी तोडते, मग वीज तोडते. आणि माणसं हलत नाहीत. हॉलिवूडमध्ये भिंतीला तडा गेला की हजार माणसं रस्त्यावर, इथे एका दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, बाळा तू म्हणतोस ते खरं असेल पण एकदा उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला की ही खोली माझी होती हे कोण म्हणणार. त्यांच्याकडे कागद म्हणजे पागडीची एक पावती, ती पण यजमानांच्या नावाने. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. २०१५ मध्ये आधी ठाकुर्ली आणि मग आठवड्याभरात आपल्या नौपाड्यात बी-केबिनला इमारत पडली, तिथे बारा जण गेले, तेव्हा पहिला फोन मी त्या आजींच्या शेजाऱ्यांना केला होता. त्यांची उभी होती.

तर नाटकवालेबुवा, विषयाची कमी नाही. एक खोली, एक नोटीस, एक म्हातारी, एवढ्यात तुमचा पहिला अंक होतो. लिहा.

कोरियन चालतील का? नवऱ्याला मारामारी आवडते आणि मला घर-संसार, दोघांना मिळून बघता येईल असा एक सांगा.
— नवीन लग्न, नवीन ईएमआय, खारघर

‘सिंकहोल’ बघा, २०२१ चा. अकरा वर्षं पैसे साठवून माणूस सोलमध्ये स्वतःचं घर घेतो, मित्रांना घरी पार्टीला बोलावतो आणि सगळी बिल्डिंग त्यांच्यासकट जमिनीत गडप. विनोदी आहे. हप्ता चालू असेल तर जरा कमी विनोदी वाटेल.

आणि सोसायटीच्या कमिटीत असाल तर २०२३ चा ‘काँक्रीट यूटोपिया’. भूकंपात आख्खं शहर सपाट, एकच अपार्टमेंट उभी, आणि मग आत कोणाला घ्यायचं, मेंबर कोण, भाडेकरू कोण, कोण बाहेरचा यावर मतदान! एजीएमच्या, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेच्या, आदल्या रात्री बघू नका.

‘सॅन अँड्रियास’ बघितल्यापासून आई झोपत नाही. आमची बिल्डिंग सात मजली, खाली नुसते खांब आणि पार्किंग. ठाण्याला भूकंप होऊ शकतो का?
— मुलगी, कळवा

तो सिनेमा २०१५ चा, त्यात गगनचुंबी इमारती पत्त्यांसारख्या पडतात, त्यातलं अर्धं तरी करमणुकीसाठी आहे असं आईंना सांग. ठाणे-नवी मुंबई भूकंपाच्या झोन तीनमध्ये धरून इथे डिझाईन करतात, म्हणजे धोका मध्यम. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला झाला तो मुंबईपर्यंत जाणवला होता, तुझ्या आजीला विचार, भांडी वाजल्याचं सांगेल.

पण खाली नुसते खांब म्हणतेस त्यावर बोलायला पाहिजे, कारण हे सिनेमात कधीच दाखवत नाहीत. वरच्या मजल्यांवर भिंती असतात त्यामुळे तो भाग पेटीसारखा ताठ, खाली पार्किंगला भिंतीच नाहीत म्हणून तो मजला लवचीक. जमीन हलली की सगळी ओढाताण त्या खांबांवर येते आणि ते वरच्या टोकाला नाहीतर बुडाला मोडतात. वरची बिल्डिंग जवळजवळ आख्खी राहून एक मजला खाली बसते. आम्ही याला सॉफ्ट स्टोरी म्हणतो. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा दोनशेच्या वर किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या, त्यातल्या कितीतरी अशाच खांबांवरच्या. नीट डिझाईन केलेली पार्किंगवाली इमारत चालते, नियमात ते खांब जास्त भक्कम करायला सांगितलंय. मात्र तुमच्या पार्किंगमध्ये कोणी दुकानासाठी, जिमसाठी खांबाला हात लावत असेल तर आईंनी झोपू नये आणि त्या माणसाला पण झोपू देऊ नये. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये चार मजली इमारत पडून १७ जण गेले, त्याच्या मागे तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराचंच कारण पुढे आलं.

बाकी भूकंपाचा जुना सिनेमा आईंना चालणार असेल तर १९७४ चाच ‘अर्थक्वेक’, त्यासाठी थिएटरांत मोठमोठे स्पीकर लावून खुर्ची थरथरेल असा खर्जातला आवाज सोडायचे, सेन्सराऊंड म्हणायचे त्याला. हॉलिवूडच्या एका थिएटरात छताचं प्लॅस्टर पडू नये म्हणून जाळी बांधली होती असं सांगतात. आमच्या लहानपणीच्या एका थिएटरात जाळी न बांधताच प्लॅस्टर पडायचं, साध्या कौटुंबिक सिनेमाला सुद्धा, पण जाऊ दे.

साहेब, आमची बिल्डिंग १९८९ ची, चार मजली, लिफ्ट नाही. जिन्याजवळ भेग आहे, मेंबर म्हणतात प्लॅस्टरची आहे. ऑडिट करू म्हटलं की खर्चावरून भांडणं. एखादा सिनेमा सांगा जो बघून लोक तयार होतील, गच्चीवर प्रोजेक्टर लावून दाखवतो.
— सेक्रेटरी, कोपरी

सेक्रेटरीसाहेब, तुमची आयडिया आवडली पण प्रोजेक्टरने काही होणार नाही, बिल्डिंग पडायचा सिनेमा बघून लोक टाळ्या वाजवतात आणि भजी खाऊन खाली जातात. आणि ऑडिट ही भांडायची गोष्टच नाही, तीस वर्षं झालेल्या इमारतीला ते कायद्याने करावंच लागतं, पालिकेच्या कायद्याचं कलम २६५-ए दाखवा, सोसायटीच्या उपविधीत तर पंधरा ते तीस वर्षं असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी असं लिहिलंय. तुमची तर कधीच ओलांडली.

त्यापेक्षा एक करा, ऑडिटवाला येईल तेव्हा मेंबरांना सभेच्या जागी नाही, कॉलमजवळ बोलवा. तो काँक्रीट जरासं फोडेल आणि त्यावर एका बाटलीतलं पाणी मारेल, फिनॉल्फ्थॅलीन, शाळेच्या लॅबमधलंच. चांगलं काँक्रीट झटकन गडद गुलाबी होतं, जिथे त्याचा अल्कलीपणा संपलाय तिथे काही रंग येत नाही. सळईच्या भोवती गुलाबी असेल तर ती अजून सुरक्षित. रंगहीन पट्टा आत सळईपर्यंत पोचला असेल आणि ओल पण असेल तर ती गंजणार, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून फुटतं, त्यात आपली खाडीची खारी हवा. हे गुलाबी न होणं मी कित्येक सभांत दाखवलंय, जे काका दोन तास खर्चावरून भांडत होते ते खाली वाकून दुसऱ्यांदा मारा म्हणतात आणि गप्प होतात.

भेगेचं म्हणाल तर न बघता सांगणार नाही. प्लॅस्टरवर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर बहुतेक काही नसतं. वीटभिंत आणि कॉलमच्या सांध्यावर उभी रेष असेल तरी फार नाही. कॉलमवरच सळईच्या रेषेत उभी भेग आणि तांबूस डाग, किंवा बीमच्या (आडव्या तुळईच्या) टोकाशी तिरपी, तर हे छापून यायच्या आधी फोन लावा.

आणि मेंबर ऐकतच नसतील तोवर एक जुनी गोष्ट. आमचं लहानपण ठाण्यातच एका तीन मजली बिल्डिंगमध्ये गेलं. जिन्याच्या भिंतीला भेग होती, एका म्हाताऱ्या इंजिनिअरने येऊन तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली, दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिस, आणि शेजारी पेन्सिलीने तारीख. म्हणाला, भेग मेलेली असेल तर काच तशीच राहील, जिवंत असेल तर ही बोलेल. वडील रोज सकाळी दात घासता घासता जिन्यात जाऊन ती बघायचे, तोंडात पेस्टचा फेस तसाच. श्रावणात एकदा ते लवकर परत आले आणि आईला एवढंच म्हणाले, तुटली. वरच्या मजल्यावरचे म्हणाले पोरांचा बॉल लागला असेल. मग दुसरी काच लावली, जिन्यात क्रिकेट बंद केलं, तारीख टाकली. ती अकराव्या दिवशी गेली, सरळ मधोमध, केसासारखी रेष. आम्ही गणपती त्या वर्षी डोंबिवलीला मावशीकडे बसवला. बिल्डिंग पुढच्या उन्हाळ्यात पाडली, कोणाला खरचटलं पण नाही, त्यामुळे पेपरात काही आलं नाही.

तर तुम्ही पण काच लावा. पातळ घ्यायची, बोटभर रुंद आणि वीतभर लांब, प्लॅस्टर ऑफ पॅरिस लावायच्या आधी भिंतीचा रंग खरवडून काढा नाहीतर काच रंगासकट सुटते आणि उगाच बोंब होते. तारीख मार्करने लिहा, मोठी, म्हणजे जाता-येता सगळ्यांना दिसेल. काच विकत घ्यायला जाऊ नका, फोटोफ्रेमवाल्याकडे कापून उरलेले तुकडे असतात, मागितले तर फुकट देतो.